मल्हार : एका नावाची दोन घरं



वर्षाच्या पहिल्या तासाला मी मुलांना त्यांच्या नावाचा अर्थ विचारते. यंदा वर्गात एक मल्हार होता. तो म्हणाला, "मॅडम, मल्हार म्हणजे पाऊस." वडील गाण्यातले, त्यांनी रागावरून नाव ठेवलेलं. मी विचारलं, "घरी चंपाषष्ठीला तळी भरता का?" "भरतो की. ताट मीही उचलतो." "उचलताना काय म्हणता?" तो सुरू झाला, "येळकोट येळकोट जय..." आणि थांबला. इतकी वर्षं तो स्वतःचंच नाव ओरडत होता आणि ते आपलं आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नावांच्या पुस्तकांत 'मल्हार : एक राग' एवढंच छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. जुन्या संगीतग्रंथांत रागाचं नाव 'मल्लार' असंही येतं. देवाचं नाव आहे मल्लारी, म्हणजे मल्लाचा अरी. मणी आणि मल्ल हे दोघे दैत्य भाऊ. 'मल्लारिमाहात्म्या'त मरताना मल्लाने मागितलं ते हे की, माझं नाव तुझ्या नावाआधी लागावं. देवाने ते दिलं. हरलेल्याचं नाव जिंकणाऱ्याने आधी घ्यावं, ही गोष्ट मला फार आवडते.

पण संस्कृत फोड हीच मुळाची, असं मानायला मी तयार नाही. कर्नाटकात हाच देव मैलार आहे, तेलंगणात मल्लन्ना. मैलार हे रूप आधीचं आणि मल्लारी हा त्याला नंतर चढवलेला संस्कृत साज, असं अनेक अभ्यासक मानतात; मलाही ते पटतं. 'येळकोट'मध्येही कानडी 'एळु' म्हणजे सात, आणि कोटी, असाच अर्थ लावला जातो. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाच्या अभ्यासात ही दक्षिणेकडची वाट नीट दाखवली आहे. शिवाय भक्त याच देवाला मल्लूखानही म्हणतात!

आपल्या इंदूरला तर हे नाव परकं नाहीच. मल्हारगंजातून आपण रोज जातो. मल्हारराव होळकर 1693 चे. त्यांच्या मुलाचं नाव खंडेराव, जो 1754 मध्ये कुम्हेरच्या वेढ्यात पडला. बडोद्यात पाहा : खंडेराव गायकवाडांनंतर 1870 मध्ये गादीवर आले त्यांचे भाऊ मल्हारराव. इथे बाप-लेक, तिथे भाऊ-भाऊ, आणि दोन्ही घरांत देव एकच. घरात कुलदैवत कोण, हे वेगळं सांगावं लागत नसे.

माझ्या पिढीच्या हजेरीपटावर मल्हार मला क्वचितच भेटला. ते आजोबांचं नाव झालं होतं, मागे 'राव' लावलेलं. आता बालवाडीत पुन्हा मल्हार ऐकू येतो. 2014 मध्ये सुरू झालेल्या 'जय मल्हार' मालिकेने हातभार लावला असेल. सुटसुटीत नावांची हौस आणि रागाचा मान तर आहेच. त्यात मला वावगं दिसत नाही. मुलाला पाऊस हवा असेल तर असू दे. खटकतं ते एवढंच की घरात दोन अर्थ असताना मुलाच्या हाती एकच येतो, आणि दुसरा आजीपाशी राहतो. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत तर आजीनंतर विचारायचं कोणाला?

परवा तो मुलगा स्टाफरूमच्या दारात आला. आजी त्याला लहानपणापासून 'मल्हारी' म्हणते. त्याला ते लाडाचं वाटायचं. म्हणाला, "मॅडम, या रविवारी तिला सगळं विचारणार आहे. काय काय विचारू?" मी म्हटलं, "आधी तळीपासून सुरू कर."