मेलेल्यांचा सारा



१२ ऑगस्ट १७६५. अलाहाबादेत बंगालचा इंग्रज गव्हर्नर रॉबर्ट क्लाइव्ह याच्या तंबूत जेवणाच्या टेबलावर एक खुर्ची ठेवलेली होती. तेच त्या दिवशीचं तख्त. मुघल बादशहा शाह आलमनं त्यावर बसून बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला बहाल केली. आदल्याच वर्षी बक्सारला त्याचा पराभव झाला होता, नकार देण्याची ताकद उरली नव्हती. बदल्यात त्याला दरसाल २६ लाख रुपये ठरले. पुढे महादजी शिंद्यांच्या आधारानं तो दिल्लीला परतला, तेव्हा कंपनीनं तेही बंद केले.

दिवाणी म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क. बंदोबस्त आणि फौजदारी न्याय म्हणजे निजामत, ती मुर्शिदाबादच्या नवाबाकडे राहिली. पण नवाबाकडे ना खजिना, ना फौज. कंपनी त्याला वर्षाला सुमारे ५३ लाखांची नेमणूक देई. त्याच्या नावानं कारभार पाहणारा महंमद रझा खानही कंपनीच्याच पसंतीचा. शाळेत आपण जिला दुहेरी राज्यव्यवस्था म्हणतो, ती हीच. पैसा कंपनीचा आणि दोष नवाबाचा, असाच तिचा अर्थ मला लागतो. रयतेनं गाऱ्हाणं न्यायचं कुठं? नवाबाच्या हाती काही नव्हतं, आणि कलकत्त्यात बसलेल्या कंपनीला ते ऐकून घेण्याची गरज नव्हती.

१७६९ मध्ये पाऊस दगा देऊन गेला. पुढच्या वर्षी बंगालात माणसं उपासानं मरू लागली. ते बंगाली साल ११७६, म्हणून बंगाली लोक त्या दुष्काळाला ‘छियात्तरचं मन्वंतर’ म्हणतात. आपल्याकडे मन्वंतर म्हणजे युगपालट. त्यांच्याकडे त्याच शब्दाचा अर्थ दुष्काळ झाला आहे.

अशा वेळी राज्यकर्ता सारा माफ करतो, तगाई देतो. इथं सूट मिळाली ती अगदी नाममात्र. उलट ‘नजाई’ नावाची पट्टी बसली. शेजारचं कूळ मेलं किंवा परागंदा झालं, तर त्याच्या वाट्याचा सारा मागं राहिलेल्यांनी भरायचा. रीत जुनी होती. एखादं घर ओस पडलं तर गाव तो भार उचलूही शकत असे. पण इथं आळीच्या आळ्या रिकाम्या झाल्या होत्या. ज्याच्या घरात दाणा नाही, त्याच्या दारात शेजारच्या मेलेल्या माणसाचा हिशेब घेऊन वसुलीचा माणूस उभा राहत होता.

१७७२ मध्ये कंपनीचा नवा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज यानं ही दुहेरी व्यवस्था मोडली आणि खजिना मुर्शिदाबादहून कलकत्त्याला हलवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यानं लंडनच्या संचालकांना कळवलं, की बंगालची निदान एक तृतीयांश माणसं गेली, तरीही १७७१ ची वसुली दुष्काळापूर्वीच्या १७६८ पेक्षा जास्त भरली. ती जबरदस्तीनं पूर्वीच्या पातळीवर राखली होती, हेही त्यानंच त्या पत्रात लिहून ठेवलं आहे.