देवयानीच्या वाटेवर



वरळीचं नेहरू तारांगण १९७७ साली सुरू झालं. तेव्हापासून शाळांच्या किती सहली त्या घुमटाखाली मान वर करून बसल्या असतील! पूर्वी तारांगणात पृथ्वीवरून दिसणारं आकाश दाखवत. डिजिटल यंत्रणा आल्यापासून प्रेक्षकांना आकाशगंगेबाहेर काढून थेट शेजारच्या देवयानी दीर्घिकेत नेता येतं.

देवयानी आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर. घुमटावर हे अंतर बघता बघता सरतं. निवेदकानं इथे घाई करू नये असं मला फार वाटतं, कारण ते मोजायला माणसाला शतकं लागली. दहाव्या शतकात अल-सूफी या इराणी खगोलज्ञानं या जागी एका छोट्या ढगाची नोंद केली. हा ढग आपल्याच आकाशगंगेतला की बाहेरचा, यावर १९२० सालीसुद्धा मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ वाद घालत होते.

ऑक्टोबर १९२३ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून एडविन हबल यांनी देवयानीचा फोटो घेतला. काचेच्या त्या प्लेटवर एका ठिपक्यापाशी त्यांनी ‘एन’ लिहिलं, म्हणजे नोव्हा. जुन्या प्लेटांशी ताडून पाहिल्यावर ते खोडलं आणि ‘व्हीएआर’ लिहून पुढे उद्गारचिन्ह ठोकलं. तो रूपविकारी तारा निघाला! सुमारे ३१ दिवसांत उजळणारा, मंदावणारा, पुन्हा उजळणारा. अशा ताऱ्याच्या आवर्तनकालावरून त्याचं खरं तेज कळतं, हे हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट यांनी आधीच दाखवून दिलं होतं. खरं तेज आणि दिसणारं तेज यांच्या तुलनेतून अंतर निघालं. हबल यांचा आकडा आजच्यापेक्षा बराच कमी होता, पण देवयानीला आकाशगंगेबाहेर ठेवायला तेवढा पुरला. तारांगणाच्या खेळात दुसरं काही गाळा, ही काचेची प्लेट गाळू नका.

पुढे आपण देवयानीच्या माथ्यावर जातो आणि तिची सबंध तबकडी खाली पसरलेली दिसते. प्रत्यक्षात आपल्याला ती खूप तिरकी दिसते. माथ्यावरून तिला कुणीच पाहिलेलं नाही. घुमटावरचं ते रूप निरीक्षणं आणि गणित यांतून उभं केलेलं असतं. शिवाय तिरकेपणामुळे तिच्या पलीकडच्या काठाचा प्रकाश अलीकडच्या काठापेक्षा लाखाहून अधिक वर्षं आधी निघालेला असतो. खेळात मात्र सगळे तारे एकाच क्षणाचे! पाहिलेलं कुठे संपतं आणि हिशेबानं मांडलेलं कुठे सुरू होतं, हे मुलांना स्वच्छ सांगावं. त्यांना ते समजतं, आणि आवडतंही.

खेळ पाहून आलात की खरी देवयानीही शोधा. नोव्हेंबरअखेरीस रात्री आठच्या सुमारास भाद्रपदांचा मोठा चौकोन डोक्यावर येतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून ईशान्येकडेच पुढच्या ठळक ताऱ्यापर्यंत जा. तिथून वायव्येला वळा, दोन मंद तारे ओलांडा. दुसऱ्याच्या अगदी शेजारी एक पुसट डाग दिसेल. शहराच्या उजेडात तो सापडायचा नाही. वांगणीसारखं गावाबाहेरचं ठिकाण आणि अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. साधी द्विनेत्री जवळ असू द्या, आणि डागावर थेट डोळे न रोखता किंचित बाजूला पाहा.