आईला काय विचारता? वेणीला विचारा!

आज थोडी केमिस्ट्री आहे, पण हेडफोन काढू नका.

लहान मूल साधं पलंगावरून घसरलं आणि हाड मोडलं. सहा महिन्यांनी परत मोडलं. घरात पहिला प्रश्न कुणाला? आईला. “गरोदरपणात कॅल्शियमच्या गोळ्या चुकवल्यास का गं?” मला या प्रश्नाची चीड येते. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा या आजाराचं मूळ कॅल्शियममध्ये नसतंच. बहुतेक वेळा घोळ असतो कोलॅजेनमध्ये.

हाड म्हणजे आरसीसी समजा. कॅल्शियमचे क्षार हे काँक्रीट, कोलॅजेन ही आतली सळई. सळईच कच्ची, तर वरून सिमेंट ओतून काय होणार?

ही सळई म्हणजे खरं तर तीन पेडांची वेणी. एकेका पेडात हजारावर अमिनो आम्लं आणि दर तिसऱ्या जागी ग्लायसिन. कारण घट्ट वळलेल्या वेणीच्या मधोमध जागाच नसते, आणि ग्लायसिन सगळ्यांत चिमुकलं, तेच तिथे मावतं. जनुकात एका अक्षराची चूक झाली, ग्लायसिनच्या जागी जाडजूड आर्जिनिन आलं, की वेणी वळताना अडते. तेवढ्या वेळात पेशीतली एन्झाइम्स उघड्या पेडांना नको तेवढी साखर चिकटवत बसतात.

आता हिशोब बघा. वेणीत दोन पेड अल्फा-१चे, एक अल्फा-२चा. अल्फा-१च्या जनुकाच्या प्रती दोन: एक आईची, एक बाबांची. एक प्रत साफ बंद पडली, तर कोलॅजेन निम्मं बनतं, पण बनतं ते चांगलं. आजार सहसा सौम्य. आणि ती प्रत चालू राहून चुकीचे पेड बनवत राहिली तर? दोन्ही अल्फा-१ पेड चांगले येण्याची शक्यता ४ पैकी १. म्हणजे ४ पैकी ३ वेण्या खराब! ग्रुप प्रोजेक्टमध्ये न आलेला मेंबर परवडला, तसं.

अनेकदा आईबाबा दोघंही ठणठणीत असतात, बदल त्या बाळातच नव्याने झालेला असतो. खाण्यापिण्याने नव्हे. त्या बाळाच्या पुढच्या प्रत्येक अपत्यात मात्र तो जाण्याची शक्यता ५० टक्के.

उपचार? बिस्फॉस्फोनेट औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतात, लांब हाडांत रॉड घालतात. वेणी तशीच राहते.

हाडं वारंवार मोडत असतील, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसत असेल, तर डॉक्टरांना जनुकीय तपासणीबद्दल विचारा.