सुगंध हवा, धूर नको
(शिरूर-दौंड परिसरातील श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आपल्या या मुलुखात नाकाला उसंत नाही. रांजणगावी महागणपतीसमोरचा धूप, दौंडकडे गुऱ्हाळाच्या काहिलीतून उठणारा रसाचा दरवळ आणि वारा फिरला की कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांचा उग्र दर्प! या गंधांचे आपल्या देहमनावर काय होते, हा आजचा विषय.

गंध ओळखणाऱ्या नाकातील ग्राहकांच्या शोधासाठी रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नाकातून निघालेला संदेश भावना आणि स्मृती यांच्या मेंदूतील केंद्रांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोहोचतो. म्हणूनच मोगऱ्याच्या एका झुळुकेने माहेर आठवते. लव्हेंडरच्या वासाने शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती काहीशी उतरते, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग रोज हुंगण्याचा सराव जर्मनीतील थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडला. कोरोनात गंध हरपलेल्या अनेकांना तोच सुचविला गेला.

परंतु दिलासा म्हणजे उपचार नव्हे. मेन्थॉलने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, कारण ते थंडाव्याची जाणीव जागवते. चोंदलेली वाट त्याने उघडत नाही. सुगंधाने दमा वा रक्तदाब बरा होतो, असे सांगून बाटल्या विकणाऱ्यांपासून सावध राहावे.

आता घरातली गोष्ट. काश्यपसंहितेत धूपनावर स्वतंत्र अध्याय आहे. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, वावडिंग, वेखंड यांची धुरी देण्याची रीत आपण मायेने जपली. माझ्या नातीलाही ती दिली. दारे-खिडक्या बंद होत्या. पोर खोकून लालबुंद झाली आणि शेगडी मीच बाहेर नेली. त्या दिवशी उमगले, की सुगंध आणि धूर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गोवरीच्या वा उदबत्तीच्या धुरातील सूक्ष्म कण कोवळ्या फुप्फुसात खोलवर जातात. देवापुढे जाळले म्हणून ते निरुपद्रवी होत नाहीत. कापूर, निलगिरी वा बाम तान्ह्याच्या नाकाशी मुळीच नेऊ नये.

देवघरात ताजी फुले ठेवा, उदबत्ती लावलीच तर खिडकी उघडा, आणि श्वास लागला तर वैद्यकीय सल्ला घ्या. कारखान्याचा दर्प घरातील सुगंधाने झाकू नका. तो इशारा आहे, त्याची तक्रारच करावी. परंपरेमागचा हेतू बाळाचे रक्षण हा होता. तो हेतू सांभाळणे हेच परंपरेचे खरे पालन होय.