साधा ब्रेक की पॉवर ब्रेक?
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, “काका, पार्किंगमधल्या पद्मिनीवर चार शब्द बोला.” तर बोलतो.

प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर नाही. पायात जोर असेल तेवढाच ब्रेक. मेकॅनिक मागे लागला होता, “बूस्टर बसवा.” मी म्हणायचो, “मग ती पद्मिनी कसली?”

गेल्या पावसाळ्यात गुडघा दुखत होता. भोरमध्ये गाडी थांबता थांबता हातभर पुढे गेली. मागे नातवंडं होती. माझा हट्ट त्यांच्या जिवावर कशाला? बूस्टर बसवला.

पण आधी लायनर आणि व्हील सिलिंडर नवे केले. बूस्टर पायाचा भार हलका करतो. झिजलेला ब्रेक सुधारत नाही, की ड्रम तापायचे थांबवत नाही. शिवाय तो चालतो इंजिनाने हवा ओढून केलेल्या पोकळीवर. इंजिन बंद पडलं, की शिल्लक पोकळीवर एक-दोन चेक वटतात, मग खातं रिकामं आणि पेडल दगडासारखं! म्हणून वरंधा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायची आमच्या पिढीची सवय सोडा. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

काढलेले जुने भाग मी जपून ठेवलेत. नातवाच्या पायात जोर असेल, तर तो परत लावील.