नोटिशीची वही

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आत्ता माझी ओळख करून देताना 'अमेरिकेतल्या विद्यापीठात बावीस वर्षं सेवा' असं सांगितलं गेलं आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी 'प्रोफेसर!' म्हणालं. गावात आले की हे नेहमीच होतं. म्हणून आधीच कबुली देते. मी एक तासही शिकवलेलं नाही. उत्तर कॅरोलिना राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठात संशोधनासाठी जे अनुदान येतं, त्याचे हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयात मी होते. आपल्या भाषेत सांगायचं तर शिक्षकेतर कर्मचारी. गणितात मला काठावर पास करणाऱ्या बाई इथे बसल्या आहेत. हिशेबाची नोकरी मला मिळाली कशी, हे कोडं त्यांना आजही सुटलेलं नसेल.

संयोजकांनी सांगितलं, परदेशातल्या कामाबद्दल काहीतरी बोला. हिशेबावर बोलले तर तुम्ही जेवायला उठून जाल. तेव्हा त्या नोकरीत मी जे एक बिनपगारी काम केलं, त्याबद्दल बोलते.

तिथे शिकवणारे ते फॅकल्टी आणि बाकी सगळे स्टाफ. ग्रंथालयातले, वसतिगृहातले, प्रयोगशाळेतले, संगणक सांभाळणारे, बागेत काम करणारे, रात्री वर्ग झाडणारे, असे सगळे त्यात आले. या सगळ्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींचं मंडळ म्हणजे स्टाफ कौन्सिल. प्रत्येक विभागातून एक-दोन प्रतिनिधी, महिन्याला एक सभा. सभेला मनुष्यबळ विभागाचे प्रमुख येतात, अधूनमधून चान्सेलर येतात. आमच्या राज्यात चान्सेलर म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू, राज्यपाल नव्हेत.

ही युनियन आहे का, असं तुम्ही विचाराल. नाही. उत्तर कॅरोलिनात १९५९ पासून कायदाच असा आहे की, सरकारी आस्थापनेला कामगार संघटनेबरोबर वेतनाचा वगैरे सामूहिक करार करता येत नाही. त्यामुळे आमच्या कौन्सिलला पगारावर सौदा करता येत नव्हता, संपाची नोटीस देता येत नव्हती. सल्ला द्यायचा, प्रश्न विचारायचा, एवढाच अधिकार. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या कारभाराबद्दलचं १९६६ चं एक निवेदन आजही प्रमाण मानतात. त्यात विश्वस्त आहेत, अध्यक्ष आहेत, प्राध्यापक आहेत, विद्यार्थ्यांचाही विचार आहे. आमच्यासारख्यांना मात्र त्यात वेगळी जागा नाही. लग्नात राबणाऱ्यांचं नाव पत्रिकेत नसतं, तसंच.

२००८ साली मी निवडून आले. खरं तर आमच्या विभागातून दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं. मला वाटलं, वर्षातून एकदा कर्मचारी दिन करायचा, केक कापायचा, दहा-वीस वर्षं सेवा झालेल्यांना बिल्ले द्यायचे, झालं. पुढच्याच वर्षी मंदीची झळ आमच्यापर्यंत पोहोचली. एप्रिल २००९ मध्ये राज्यपालांनी सगळ्या राज्य कर्मचाऱ्यांच्या वार्षिक पगारात अर्धा टक्का कपात केली आणि त्या बदल्यात दहा तासांची रजा दिली. रक्कम लहान, पण अफवा मोठ्या. कोणी म्हणे पुढच्या महिन्यात निम्मा विभाग घरी बसणार, कोणी म्हणे निवृत्तिवेतन गेलं.

कपात थांबवणं आमच्या हातात नव्हतं. आम्ही एकच केलं. लोकांचे प्रश्न लिहून घेतले आणि मनुष्यबळ विभागाकडून प्रत्येकाचं लेखी उत्तर मागितलं. काही उत्तरं 'नाही' अशी होती, काही 'अजून ठरलेलं नाही' अशी. तीही आम्ही जशीच्या तशी छापली. आश्चर्य म्हणजे लोक शांत झाले. वाईट बातमी माणूस पचवतो, पण कोणी काही सांगतच नाही, हे त्याला पचत नाही. तेव्हा मला कळलं की अधिकार नसलेल्या मंडळाची ताकद कशात असते. खालचा प्रश्न वर न्यायचा, हे झालं अर्धं काम. वरचं उत्तर खाली आणून देणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच जास्त कठीण.

या कामाच्या जोरावर मी पुढे कौन्सिलच्या संपर्क समितीची प्रमुख झाले. आम्ही दर महिन्याला वार्ता-पत्र काढायचो. त्यात प्रशिक्षण वर्गांची माहिती असायची, रजा दान करण्याच्या योजनेची असायची. ही योजना मला फार आवडायची. सहकारी गंभीर आजारी पडला आणि त्याची रजा संपली, तर बाकीचे आपल्या खात्यातली रजा त्याला देऊ शकतात. आणि सगळ्यांत मोठी सवलत शिक्षणाची. पूर्णवेळ कर्मचाऱ्याला राज्याच्या विद्यापीठांत वर्षाला तीन विषय शिकवणी शुल्काशिवाय घेता येतात. वार्षिक अहवालात मी अभिमानानं लिहिलं, 'वार्ता-पत्र सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचते.' ते वाक्य मला अजून टोचतं.

२०१४ च्या वसंतातली गोष्ट. एका प्रस्तावाची मुदत संपत होती म्हणून रात्री दहापर्यंत कार्यालयात थांबले होते. आमचा मजला झाडणारी बाई आली. चाळिशीतली, माझ्याशी रोज हसून बोलणारी. माझ्या टेबलाजवळची कचऱ्याची टोपली रिकामी करताना तिनं वार्ता-पत्राचा चुरगळलेला कागद उचलला आणि म्हणाली, "हे तीन विषय फुकट म्हणजे काय? कोणासाठी?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठी. आपल्या सगळ्यांसाठी."

ती बराच वेळ तो कागद हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "मी बारा वर्षं इथे काम करतेय. मला कोणी सांगितलं नाही."

ती तरुणपणी कॉलेज सुरू करून, मुलगी झाल्यावर सोडून आली होती. आमचं पत्र ईमेलनं जायचं. तिच्या नावाचा ईमेल होता, पण तिला संगणक नव्हता आणि त्याचा पासवर्ड कधीच बाद झाला होता. प्रशिक्षण वर्ग सकाळी दहाला असायचे, तेव्हा रात्रपाळीची माणसं झोपलेली. वार्ता-पत्र तिच्यापर्यंत खरंच पोहोचत होतं, पण माझ्या कचऱ्याच्या टोपलीतून.

घरी येऊन मी हिशेब मांडला, तेवढाच मला येतो. तिथल्या पदवीला साधारण चाळीस विषय लागतात. वर्षाला तीन विषय धरले तर बारा वर्षांत छत्तीस. तिचं कॉलेजचं सुरुवातीचं शिक्षण धरलं तर एक अख्खी पदवी त्या बारा वर्षांत बसत होती. ती कोणी नाकारली नव्हती. नियम चांगला होता, पैसे होते, छापीलही होतं. फक्त सांगायचं राहिलं होतं, आणि सांगण्याचं काम माझ्याकडे होतं.

त्या रात्री मला आपल्या शाळेची नोटिशीची वही आठवली. आठवते ना? लांबट, लाल कापडी पाठीची. शिपाईमामा ती घेऊन दारात उभे राहिले की वर्ग चिडीचूप. उद्या सुट्टी की काय, म्हणून सगळ्यांचे कान टवकारलेले. बाई शिकवणं थांबवायच्या, नोटीस मोठ्यानं वाचायच्या, कोणाला काही विचारायचं आहे का म्हणायच्या आणि सही करायच्या. मग मामा पुढच्या वर्गात. एकदा आमच्या वर्गावर सर नव्हते, तर मामा दुसऱ्या तासाला पुन्हा आले. आम्ही म्हटलं, "मामा, ब-वर्गातून कळलं आम्हाला." मामा म्हणाले, "वाचून झाल्याशिवाय नोटीस फिरली म्हणता येत नाही."

मामा चौथीपर्यंत शिकलेले होते. संपर्क म्हणजे काय हे त्यांना नीट ठाऊक होतं. परदेशात समितीची प्रमुख झालेली मी मात्र 'पाठवलं' म्हणजे 'पोहोचलं' असं धरून बसले होते.

पुढच्या सभेत मी अहवालातलं ते वाक्य चुकीचं आहे असं सांगितलं आणि नोटिशीच्या वहीची कल्पना मांडली. रात्रपाळी सुरू होताना हजेरी होते. तिथे प्रतिनिधीनं जायचं, माहिती इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये मोठ्यानं वाचायची, प्रश्न लिहून घ्यायचे आणि पुढच्या महिन्यात उत्तरं वाचून दाखवायची. विरोध झाला. एक पर्यवेक्षक म्हणाले, पंधरा मिनिटं काम बुडतं. दुसरे म्हणाले, यांना शिकायचंच नसतं. पहिल्या रात्री मी गेले तेव्हा तेरा जणांनी शिकण्याच्या सवलतीबद्दल विचारलं. त्यानंतर ते दुसरे गृहस्थ काही बोलले नाहीत.

खरी अडचण पुढे होती. वर्गाच्या वेळेसाठी पाळी बदलून मिळेना. कौन्सिलला हुकूम देता येत नव्हता. तेव्हा एकच प्रश्न आम्ही दर महिन्याला विषयपत्रिकेवर ठेवला आणि दर महिन्याचं उत्तर हजेरीत वाचून दाखवलं. 'विचार चालू आहे' हे उत्तर सात वेळा वाचलं. सातव्यांदा वाचताना रात्रपाळीची माणसं हसली, आणि ते हसणंही आम्ही इतिवृत्तात लिहिलं. आठव्या महिन्यात पाळी बदलण्याची सोय लेखी झाली.

ती बाई पहिल्या सत्रात गणित घेऊन बसली. नापास झाली, पुन्हा बसली. मी २०२२ साली निवृत्त झाले तेव्हा तिची पदवी पूर्ण झालेली नव्हती, दहाएक विषय राहिले होते. पण ती दिवसपाळीत, विद्यार्थी नोंदणीच्या कार्यालयात टेबलावर बसत होती. माझ्या निरोप समारंभाला आली आणि म्हणाली, "तो कागद मी जपून ठेवलाय." मला काय बोलावं कळेना, कारण ती बारा वर्षं काही मी परत देऊ शकत नव्हते.

मित्रहो, आता आपल्या घरचं बोलते आणि थांबते. आज आपण गुरुजनांचा सत्कार केला, मन भरून आलं. पण मंडपाच्या मागे सकाळपासून खुर्च्या लावणारे, चहा देणारे आपल्याच शाळेचे कर्मचारी आहेत. आपल्या संघाच्या निधीतून संगणक कक्ष होणार आहे, त्याला माझा पाठिंबाच आहे. माझी विनंती छोटी आहे. संघाच्या समितीत एक जागा शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीला द्यावी. त्यांच्यापैकी कोणाला मुक्त विद्यापीठातून पदवी करायची असेल, संगणक शिकायचा असेल, तर त्याचं शुल्क निधीतून भरावं, आणि नवा संगणक कक्ष शाळा सुटल्यावर तासभर त्यांच्यासाठी उघडा ठेवावा. पहिल्या वर्षाचं शुल्क मी देते, हे मी आत्ता सर्वांसमक्ष सांगते.

आणि हे ठरलं तर कृपा करून नुसतं व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. त्या गटात ते नाहीत, मी काल पाहिलं. कोणीतरी वही घेऊन त्यांच्याकडे जा, वाचून दाखवा, काही विचारायचं आहे का विचारा, आणि मग सही घ्या.

 बाई, काही चुकलं असेल तर नेहमीप्रमाणे पदरात घ्या.