हृदयाची गोळी आणि लागलेली धाप

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रथम एक खुलासा. आम्ही डॉक्टर नव्हे. फार्मसीचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या आरोग्य खात्यात लागलो आणि वीस वर्षे औषधाच्या खिडकीमागे उभे आहोत. चिठ्ठी वाचायची, गोळ्या मोजून द्यायच्या, सकाळी किती आणि रात्री किती ते सांगायचे, एवढेच आमचे काम. पण खिडकीबाहेरचा माणूस डॉक्टरांना जे सांगायला विसरतो, ते आम्हांला सांगतो. आजचा विषय त्यातूनच सुचला.

आमचे घर कणकुंबीचे, खानापूर तालुक्यातले. मलप्रभा जिथे उगम पावते आणि चोर्ला घाटाचा रस्ता जिथून गोव्याकडे उतरतो, ते हे गाव. जून ते सप्टेंबर पाऊस असा की अंगणापलीकडचे घर दिसत नाही. कपडे चुलीवर वाळवायचे, घरभर धूर. अशा गावात कुणी खोकला किंवा कुणाला धाप लागली तर त्याचे कारण कुणी विचारत नाही. पावसाचे दिवस आहेत म्हणायचे आणि पुढे जायचे.

आमच्या आप्पांचेही तसेच झाले. त्यांना हृदयविकाराचा झटका आला, बेळगावला स्टेंट बसवला आणि पाचव्या दिवशी घरी आणले. घरी आल्यावर ते म्हणू लागले, "श्वास पुरा होत नाही रे." चालताना काही नाही, पायरी चढताना काही नाही, पण पडवीत नुसते बसले की खोल श्वास घ्यावासा वाटायचा. शेजारच्या तात्यांनी निदान केले, गोळी गरम पडली. आप्पांनी ऐकले. दोन दिवसांनी आमच्या बहिणीला पानाच्या डब्यात सुपारीखाली चार गोळ्या सापडल्या. आम्ही औषधाच्या धंद्यातले, आणि आमच्याच घरात हा प्रकार!

ती गोळी होती टिकाग्रेलॉर. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात. आता गंमत बघा, तात्यांचे निदान अर्धे बरोबर होते. 2009 साली या औषधाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, अठरा हजारांवर रुग्णांची. त्यात शंभरातल्या सुमारे 14 जणांनी धाप लागल्याची तक्रार केली. जुन्या क्लोपिडोग्रेलवर ती सुमारे आठ जणांनी केली होती. बहुधा ती सौम्य असते, फुप्फुसाला इजा होत नाही आणि अनेकांची आपोआप जाते. पण तात्यांचे उरलेले अर्धे जिवावर बेतणारे होते. नवा स्टेंट असताना ही गोळी मनाने बंद केली तर स्टेंट गुठळीने बुजू शकतो, आणि मग खानापूर गाठेपर्यंतही वेळ मिळत नाही. त्याच रात्री फोन केला, सकाळी बेळगाव गाठले. डॉक्टरांनी ईसीजी काढला, इको केला, छातीत पाणी नाही याची खात्री केली आणि मग स्वतःच गोळी बदलून दिली. आठवड्याभरात आप्पा पूर्ववत. सुपारी मात्र बंद झाली, ती बहिणीच्या हुकमावरून.

दुसरी तऱ्हा खोकल्याची. एनालाप्रिल, रामिप्रिल अशी नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली औषधे ब्लडप्रेशरला आणि अशक्त हृदयाला देतात. या जातीचे पहिले औषध ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषावरून सुचले. आपल्या घाटातल्या चापड्याचा तो लांबचा भाऊबंद. औषधे गुणी आहेत, पण काहींना घशात खवखव आणि कोरडा खोकला सुरू होतो, कधी लगेच तर कधी काही महिन्यांनी. माणूस कफ सिरपच्या बाटल्यांवर बाटल्या संपवतो. डॉक्टरांनी गोळी बदलली की बहुधा एक ते चार आठवड्यांत खोकला थांबतो. मात्र याच गोळ्यांनी ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठायचा.

तिसरी तऱ्हा आम्हांला सर्वांत जास्त सतावते. प्रोप्रानोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांना बीटा ब्लॉकर म्हणतात. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांना 1988 साली नोबेल मिळाले, त्यात या शोधाचा मोठा वाटा होता. हृदयाची धाव कमी करणारे हे औषध काही वेळा श्वासनलिकाही आवळते. प्रोप्रानोलॉल त्यात अधिक, मेटोप्रोलॉल कमी. ज्याला दमा आहे त्याला ते महागात पडू शकते. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब डोळ्यांत घालतात, तेही याच घराण्यातले. डोळ्यांतून अंगात उतरून दमा उसळवू शकतात. पण डोळ्यांचे थेंब 'औषध' म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना कोण सांगतो? आणि हे बीटा ब्लॉकरही एकदम तोडायचे नसतात, छातीत दुखणे उलटून येते.

इथे आपल्या सीमाभागातली आणि तुमच्यासारख्या पिढ्यान् पिढ्या इकडे स्थायिक झालेल्या घरांतली एक खास अडचण आहे. आजी म्हणते, "दम लागतो." कन्नड बोलणारे डॉक्टर 'दम्मु' ऐकतात, म्हणजे दमा. की चिठ्ठीवर दम्याचा पंप. उलटही होते: लहानपणापासून दमा असलेली बाई "थोडा दम आहे" म्हणते आणि चालून आलेला थकवा समजून बीटा ब्लॉकर लिहिला जातो. त्यात हृदयाची चिठ्ठी बेळगावची, डोळ्यांची गोव्याची आणि मुलाने बेंगळुरूहून पाठवलेल्या गोळ्या वेगळ्या. तिन्ही डॉक्टर हुशार, पण एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते.

म्हणून आम्ही खिडकीवर चार प्रश्न विचारतो. धाप कधीपासून? कोणती गोळी त्याआधी नवी सुरू झाली? आडवे झाल्यावर वाढते का? पाय सुजलेत का? शेवटच्या दोहोंना "हो" आले तर दोष गोळीचा नसून हृदयच थकल्याचा संभव असतो. रात्री गुदमरून उठून बसावे लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करायचा. आमच्या घाटात पावसात गाडी यायला उशीर होतो, म्हणून तर लवकर करायचा.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद सामान्य माणसालाही करता येते. 1800-180-3024 हा त्यासाठीचा सरकारी टोल फ्री क्रमांक आहे. आप्पांची नोंद आम्ही केली.

मंडळाने निरोप दिल्याप्रमाणे काहींनी गोळ्यांच्या पिशव्या आणल्या आहेत. आरतीनंतर आम्ही मागच्या खोलीत बसतो. गोळी बदलणे आमच्या हाती नाही, पण सगळ्यांची नावे एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून देऊ. तो कागद डॉक्टरांना दाखवा. डोळ्यांचे थेंब घरी राहिले असतील तर निदान त्यांचे नाव फोनवर विचारून ठेवा.